निळ्या चित्रातली बाई

कल्याणला आईच्या चाळीतल्या खोलीत एक निळा डोंगर होता. म्हणजे चित्र. आई ज्या औषध कंपनीत पॅकिंगला होती, त्या कंपनीने एका वर्षी परदेशी निसर्गचित्रांचं कॅलेंडर काढलं होतं. वर्ष संपल्यावर आईने त्यातलं एक पान घेतलं, खालच्या तारखा कापून टाकल्या आणि मैद्याची खळ लावून ते भिंतीला चिकटवलं. चिकटवलं म्हणजे कायमचंच. पुढे खोलीला रंग काढला तेव्हा रंगाऱ्यालासुद्धा आईने त्या पानाच्या कडेकडेने ब्रश फिरवायला लावला, आणि तो बिचारा मान वाकडी करून फिरवत बसला.

चित्रात अर्ध्याहून जास्त नुसतं आभाळ होतं. डावीकडे एक दांडगं झाड, मधे वळसा घेऊन गेलेली नदी, लांब एकामागे एक विरत गेलेले डोंगर, आणि अगदी खाली, मातीच्या रस्त्यावर, मोहरीएवढं काहीतरी. आई म्हणायची ती बाई आहे. मी म्हणायचे, आई, तो ठिपका आहे. ह्यावरून आमचे वाद मी फ्रॉक घालत होते तेव्हापासूनचे. चित्र पहाटेचं आहे हे मात्र आम्हा दोघींना मान्य होतं, कारण सगळं निळं होतं. कंपनीत आईची पहिली पाळी असायची. अंधारातच पदर खोचून ती डबा उचलायची आणि चित्राकडे बघून म्हणायची, चला, ती निघाली, आपणही निघू. पॅकिंगच्या हॉलला एकही खिडकी नव्हती, हे मला फार पुढे कळलं. दिवसभर ट्यूबलाइटखाली गोळ्यांची पाकिटं भरायची, आणि बाहेर ऊन आहे की पाऊस ते सुट्टी झाल्यावर बघायचं.

मागच्या वर्षी चाळ पाडायचं ठरलं. मी एकुलती एक, वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, तेव्हा आई माझ्याकडे कोपरला येणार हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. आईने ते ठरवलेलं नव्हतं. लेकीच्या घरात म्हातारपण काढायचं नाही, असं तिचं पक्कं मत. माझा नवरा तिला लाख सांगत होता की आई, हे तुमचंच घर आहे, आणि ती त्याला तितक्याच प्रेमाने सांगत होती की हो जावईबापू, म्हणूनच चार दिवस राहून जाते. विहारात तिच्यासोबत वंदनेला येणारी एक मैत्रीण कल्याणलाच तिच्यासाठी भाड्याची खोली बघत होती. ती मिळाली की आई जाणार. गुडघे धरलेली, बीपीची गोळी विसरणारी माझी आई एकटी राहणार, आणि मी इकडून रोज फोन करून जेवलीस का म्हणून विचारत बसणार. माझ्या तर अंगाची लाही लाही होत होती. पण आईशी भांडून काही होत नाही. ती ऐकून घेते, मान हलवते, आणि तिला करायचं तेच करते.

आमच्या घरातली छोटी खोली आम्ही तिला दिली. आधी तिथे इस्त्रीचं टेबल आणि सगळी अडगळ होती. खिडकी आहे, पण खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगचे पाइप. आई आली, हॉलमधल्या बुद्धमूर्तीसमोर हात जोडून बसली, मग खोलीत जाऊन कॉटच्या अगदी कडेला टेकली. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतात तशी. रोज सकाळी चादर घडी करून अशी ठेवायची की रात्री तिथे कोणी झोपलं होतं असं वाटू नये. स्वयंपाकघरातला साधा डबा घ्यायचा तरी मला विचारायची. आपल्याच आईने आपल्याला 'साखर घेऊ का गं' विचारलं की कसं वाटतं, ते ज्याला अनुभव आहे त्यालाच कळेल.

तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला की हिला इथे हिचा डोंगर आणून द्यायचा.

चाळ रिकामी करताना मी ते पान काढायचा प्रयत्न केला होता. नखाने कोपरा उचलला तर भिंतीचा रंग, खळ आणि डोंगर असं सगळं एकत्र भुगा होऊन हातात आलं. आई म्हणाली, राहू दे, भिंतीबरोबर जाऊ दे त्याला. मी घाईघाईत फोनवर एक फोटो तेवढा काढून ठेवला होता. आता तोच फोटो मी फोनमधल्या शोधयंत्राला दाखवला आणि म्हटलं, सांग बाबा, हा कुठला.

त्याने काय काय दाखवलं म्हणून सांगू. आधी शाम्पूच्या जाहिराती दाखवल्या. मग स्वित्झर्लंडच्या सहली. मग कुठल्याशा हॉटेलच्या बाथरूममधल्या टाइल्स. खोपटला आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी डबा एका हाताने खात होते आणि दुसऱ्या हाताने डोंगर चाळत होते. बाजूच्या टेबलवरच्या बाईंना वाटलं मी नवऱ्याच्या भाचीसाठी स्थळं बघतेय. असे कितीतरी दिवस गेले. आणि एके दुपारी, परदेशातल्या कोणीतरी विकायला काढलेल्या जुन्या जिगसॉ कोड्याच्या खोक्यावर, मला ते झाड दिसलं.

तेच झाड. तीच डावीकडे कललेली फांदी. माझ्या हातातली पोळी डब्यात पडली.

खोक्यावर चित्रकाराचं नाव होतं, आणि नाव मिळाल्यावर पुढचं काम सोपं होतं. दोनेकशे वर्षांपूर्वीचा माणूस. त्या काळात तिकडे चित्रकारांच्या एका पिढीला निसर्गाने झपाटलं होतं म्हणे. राजेराण्या आणि लढाया सोडून ही मंडळी डोंगर, धुकं, वादळ, मोडके बुरूज रंगवायला लागली, आणि त्यात मुद्दाम एखादं एवढंसं माणूस ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की आभाळ केवढं आहे. रोमँटिक चित्रकार म्हणतात त्यांना. नवऱ्याला हे सांगितलं तर त्याने फोन हातात घेऊन आधी जोडपं कुठे दिसतंय का ते पाहिलं. मूळ चित्र एका मोठ्या संग्रहालयात होतं, आणि त्या भल्या लोकांनी त्याचा चांगला भलामोठा फोटो वेबसाइटवर ठेवला होता. कोणीही उतरवून घ्या, छापा, घरात लावा. मी लगेच उतरवून घेतला. फाइल एवढी मोठी की माझा फोन गरम झाला.

फाइल उघडली आणि मी बघतच राहिले. चित्र निळं नव्हतं. आभाळ पिवळं, केशरी, कडेला गुलाबी. नदीत सोनं ओतलेलं. झाडाची पानं तांबूस. पहाट नव्हतीच ती, चांगली उतरती संध्याकाळ होती. चाळीचं दार पश्चिमेला, रोज दुपारचं ऊन थेट त्या पानावर यायचं. चौकातले जुने बॅनर उन्हाने निळे पडतात तसं ते पान निळं पडलं होतं, तेही इतक्या हळूहळू की आधीचे रंग आम्हा दोघींच्याही लक्षात राहिले नाहीत, आणि आम्ही वर्षानुवर्षं त्या निळ्याला पहाट समजत होतो. मी फोटो मोठा करत करत खाली गेले, रस्त्यापर्यंत. ठिपक्याला पाठ होती. खांद्यावरून लाल शाल होती. काखेत बोचकं होतं. बाईच होती ती. जन्मभराचं भांडण मी ऑफिसच्या खिडकीशी उभी राहून एकटीच हरले, आणि मला इतका आनंद झाला की मी त्या बाजूच्या बाईंना मिठी मारली. त्यांनी विचारलं, ठरलं का लग्न.

आता छापायचं कुठे? माजिवड्याला माझ्या ओळखीचं एक बॅनरचं दुकान आहे. नवरा-बायको चालवतात. वाढदिवसाचे, सत्काराचे, दहीहंडीचे बॅनर, आणि आता कॅनव्हासही छापून लाकडी चौकटीवर ताणून देतात. कॉम्प्युटरवर बायको बसते. माझ्याच वयाची, तोंडात कायम बडीशेप, हात असा चालतो की बघत राहावं. समोर एक सत्काराचा फोटो उघडा होता. तिने बघता बघता सत्कारमूर्तीच्या गालावरचे डाग घालवले, मागची लोंबणारी वायर पुसली, भिंतीच्या कोपऱ्यातले लाल डागही पुसले. मी माझं चित्र दिलं, आकार सांगितला, कॉटसमोरची भिंत जवळजवळ भरेल एवढा. तिलाही चित्र आवडलं. म्हणाली, मॅडम, रोज चेहरे करून कंटाळा येतो, हे मी मन लावून करते.

तिने खरंच मन लावून केलं. नमुना फोनवर पाठवला, मी रिक्षात बसल्या बसल्या अंगठ्याएवढ्या चित्राला होकाराचा अंगठा पाठवला, आणि आठवड्याभरात कॅनव्हास तयार. तो रिक्षात मावेना म्हणून गाडी बोलावली. चित्र मागच्या सीटवर पसरलं आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. तो सिग्नलला आरशात बघून म्हणाला, काश्मीर आहे का ताई? मी म्हटलं, नाही, कल्याण. त्याने आरसा सरळ केला. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

आई खाली बाकावर बायकांशी बोलत बसली होती तेवढ्यात नवऱ्याने खिळे ठोकले. मग मी तिला वर बोलावलं आणि खोलीच्या दारात उभी करून म्हटलं, बघ.

आईने बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

आणि मी घाबरले. मला वाटलं, रंग. हिचं निळं मी घालवलं. इतकी वर्षं जे चित्र हिचं होतं ते हे नाहीच. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, ऊन कसं लागलं, शाई कशी उडते, मूळ चित्र असंच आहे, हवं तर आपण निळं करून घेऊ, एका बटणाचं काम आहे. आई माझ्याकडे लक्षच देत नव्हती. ती पुढे गेली, अगदी जवळ, आणि खालच्या बाजूला बोट लावून म्हणाली,

"ती कुठाय?"

मी वाकून बघितलं. रस्ता रिकामा होता. मातीचा, पिवळसर, सुंदर रस्ता. इतका स्वच्छ रस्ता आमच्या भागात कोणी कधी पाहिला नसेल. बाई नव्हती. मी फोनवर मूळ फाइल उघडली. तिथे होती. भिंतीवर नव्हती.

"असू दे गं," आई म्हणाली. "छान आहे. चार दिवस तर बघायचंय." आणि त्याच दमात सांगितलं की मैत्रिणीचा फोन आलेला, विहाराच्या मागे तळमजल्यावर एक खोली रिकामी होतेय, रविवारी सकाळी बघायला जायचंय.

ती रात्र मी कशी काढली ते नवऱ्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटलं तशी मी माजिवड्याला पोचले. माझ्या नाकावरचा राग माझ्या आधी दुकानात शिरला असावा, कारण तिचा नवरा मला बघून चहा सांगायला म्हणून बाहेर गेला. मी म्हटलं, चित्रातली बाई कुठे गेली?

"कुठली बाई?" तिने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, खाली, रस्त्यावर.

ती आठवत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "तो लाल डाग? तो मी क्लीन केला ना मॅडम. पानाची पिंक वाटली."

मी भांडायला आले होते. घसा मोकळा करून ठेवला होता. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते हसू होतं, आधी नाकातून, मग असं की मी तिच्या टेबलाला धरून उभी राहिले. कारण तिचं काय चुकलं? आमच्याकडचा कुठलाही फोटो घ्या, जिन्याचा, स्टेशनचा, लग्नाच्या हॉलचा, कोपऱ्यात लाल डाग असतोच. तो पुसणं हा तिचा रोजचा धंदा. रस्ता दिसला, रस्त्यावर लाल दिसलं, हात आपोआप गेला. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराने काय काय कल्पना केली असेल, पण आपल्या बाईला लोक पानाची पिंक समजतील असं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

मी तिला मूळ फाइल मोठी करून दाखवली. ती खुर्चीत पुढे सरकली. शाल दिसली, बोचकं दिसलं, उचललेली टाच दिसली. हळूच म्हणाली, अहो, ही तर चाललीय. मग मी तिला सगळं सांगितलं, चाळ, निळं पान, पहिली पाळी, रविवारची खोली. तिने तोंडातली बडीशेप गिळली. समोरचा सत्काराचा बॅनर बंद केला, माझी फाइल जशीच्या तशी लावली आणि नवऱ्याला बाहेर हाक मारून सांगितलं, चहा राहू दे, आधी मशीन चालू कर. शनिवारी संध्याकाळी दुसरं चित्र माझ्या घरात होतं.

ह्या वेळी मी दाराबाहेरच उभी राहिले. भीतीच वाटत होती. आईने चष्मा पुसला, लावला, आणि परत तशीच जवळ गेली. बाई होती. सोनेरी रस्त्यावर, एवढीशी, लाल. आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, मग मागे सरकून नदीकडे, मग झाडामागच्या आभाळाकडे.

"संध्याकाळ आहे का गं ही?"

मी म्हटलं, हो. पहिल्यापासून संध्याकाळच होती. आपल्यालाच पहाट वाटायची.

आई कॉटवर बसली. कडेला नाही, मागे सरकून, पाय वर घेऊन. आणि म्हणाली, "म्हणजे ही कामाला चाललीच नव्हती. मी येडी, इतकी वर्षं रोज हिला पहाटेची कामाला लावत होते. ही तर घरी चाललेली."

मला रडू फुटलं. मी लपवलंही नाही. आई म्हणाली, रडतेस कशाला, भाजी लागेल खाली. भाजी लागलीच होती. जळक्या वांग्याचं भरीत समजून सगळ्यांनी खाल्ली.

रविवारी सकाळपासून माझं लक्ष कामात नव्हतं. आई अंघोळ करून, स्वच्छ साडी नेसून तयार झाली, हॉलमध्ये वंदना म्हटली. आता पिशवी घेईल, आता चप्पल घालेल, असं माझं चाललं होतं. नवरा पेपर उलटा धरून बसला होता. मैत्रिणीचा फोन आला. आई गॅलरीत जाऊन बोलली, बराच वेळ बोलली, मग आत आली आणि काही न सांगता आपल्या खोलीत गेली. विचारायची माझी हिंमत होईना. विचारलं आणि ती म्हणाली की निघते, तर? नवरा खुणेने सांगत होता, जा, विचार. मी खुणेने सांगत होते, तू जा.

शेवटी मी चहाचा कप घेतला. कप हातात असला की कुठेही शिरता येतं. दार लोटलेलं होतं, ते कोपराने ढकललं आणि आत गेले. आई उशीला टेकून आरामात बसली होती. समोर तिचं आभाळ. माझ्याकडे न बघताच, अगदी शांतपणे, ती म्हणाली,

"आत येताना दार वाजवून येत जा."

मी तिथेच थांबले. माझ्या आईने आयुष्यात हे वाक्य कोणाला म्हटलं नव्हतं. म्हणणार कधी? चाळीत सकाळी उघडलेलं दार झोपतानाच लागायचं, आणि तोवर अख्खा मजला आमच्या घरातून ये-जा करायचा. आणि माझ्याकडे आल्यापासून तर तिने मला साखरेसाठीसुद्धा विचारलं होतं. पाहुणी बाई यजमानिणीला दार वाजवायला सांगत नाही.

मी हो म्हटलं. चहा तसाच हातात घेऊन बाहेर आले. दार नीट ओढून घेतलं. हॉलमधून नवरा मानेने विचारत होता, काय झालं. मी त्याला गप्प राहायची खूण केली आणि दार वाजवलं.

"ये," आई आतून म्हणाली.